पूजेबाहेरचा माउस

दानेश्वरी अक्का यंत्राशी बोलतात, असं मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगितलं, तेव्हा मनातून फार बरं वाटलं. मराठीत एम.ए. केलेल्या मुलीनं टॉवेलच्या कारखान्यात काय करायचं, ही काळजी मला अक्कलकोट रोडच्या रिक्षात बसल्यापासून लागली होती. यंत्राशी बोलणारी बाई भेटणार म्हटल्यावर ती पळाली. प्रत्यक्षात अक्का यंत्राशी बोलत नव्हत्या. त्या यंत्राला बोलत होत्या.

"सकाळपासनं तिसऱ्यांदा इचारतोस. कागद चढवला म्हनून सांगितलं न्हवं तुला? मुडद्या."

एवढं बोलून त्यांनी एक कळ दाबली आणि खोलीच्या कोपऱ्यातला प्रिंटर करकरत सुरू झाला. मग त्या माझ्याकडं वळल्या, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तू ती पुस्तकवाली का? बस. एसीसमोर नको, डोस्कं धरतंय."

पुस्तकवाली, म्हणजे मी एक पुस्तिका लिहायला आले होते. कारखान्याचा सगळा कारभार एका काळ्या यंत्रावर चालायचा. आपल्या घरातल्या कॉम्प्युटरहून बराच मोठा, बड्या बँकांच्या अजस्र यंत्रांहून लहान, असा मधल्या चणीचा. उंचीनं छोट्या फ्रिजएवढा. त्याला सगळे काळी पेटी म्हणायचे. किती टॉवेल विणले, किती खोक्यांत भरले, कुठल्या देशाला चालले, सगळं त्या पेटीच्या पोटात. पेटीशी व्यवहार करायचा तो एका जुन्या पडद्यावरून. काळी पार्श्वभूमी, हिरवी अक्षरं, चित्र औषधालाही नाही. पेटीला काही हवं असलं की त्या पडद्यावर एक ओळ उमटायची आणि उत्तर मिळेपर्यंत पेटी ते काम तसंच धरून बसायची. बहुतेक वेळा प्रश्न छपाईचाच. आता वेगळ्या जातीचा कागद लागेल, तो चढवलात का?

ओळी इंग्रजीत, पण रोज पाहून अक्कांना ओळखू यायच्या. उत्तर एका अक्षराचं, चालणारी अक्षरं ओळीच्या शेवटी दिलेली. अक्कांना चार अक्षरं पाठ होती आणि त्यांचे अर्थही त्यांनीच लावलेले होते. जी म्हणजे जा बाबा. एच म्हणजे थांब जरा. सी म्हणजे मर. आय म्हणजे असू दे.

"ह्याच्यापुढं इंग्रजी मला येत न्हाय," त्या म्हणाल्या. "लागत बी न्हाय. नवऱ्याशी बोलायला तरी ह्याहून काय जास्त लागतंय?"

माझं काम असं होतं. त्या जुन्या पडद्याचे सुटे भाग आता मिळत नव्हते. पुण्याहून एक इंजिनिअर येऊन अक्कांच्या टेबलावर एक साधा कॉम्प्युटर ठेवून गेला होता. त्यात एक नवा प्रोग्रॅम होता. त्यातून काळ्या पेटीचे मेसेज आणि प्रिंट खिडक्यांमध्ये दिसायचे. प्रत्येक प्रिंटरचं छोटं चित्र, त्याच्यासमोर थांबलेल्या प्रिंटची यादी, आणि हवी ती प्रिंट माउसनं उचलून दुसऱ्या प्रिंटरच्या चित्रावर टाकली की ती तिकडं छापली जाणार. प्रोग्रॅमबरोबर आलेली मदत इंग्रजीत होती. ती सोप्या मराठीत लिहायला मला तीन महिन्यांसाठी घेतलं होतं. घेतलं रावसाहेबांनी. रावसाहेब वाघमोडे, नातेपुत्याचे, माल पाठवण्याच्या विभागाचे आणि कचेरीचेही प्रमुख. रावसाहेब हे त्यांचं नावच, त्यामुळं लोकांना त्यांना रावसाहेब साहेब म्हणावं लागायचं, आणि एवढ्या सन्मानानं ते कायम थोडे दडपलेले दिसायचे.

मुलाखतीत त्यांनी एकच विचारलं होतं, "शिवशरण मॅडम, तुमचा विषय काय होता?"

"आधुनिक मराठी कवितेतलं मौन," मी म्हणाले.

ते बराच वेळ गप्प बसले. मला वाटलं, त्यांना विषय समजला.

अक्कांपुढं रावसाहेबांनी सरळ मुदत ठेवली होती. दसऱ्यानंतर जुना पडदा निघणार. नवा प्रोग्रॅम चालवता आला तर कॉम्प्युटर रूमची खुर्ची अक्कांची. नाही आला, तर अक्का पॅकिंग हॉलमध्ये. पॅकिंग हॉल म्हणजे दिवसभर उभं राहून टॉवेलच्या घड्या मोजणं. अक्कांचे गुडघे जिना चढतानाच कन्नड बोलायचे. निवृत्तीला अजून काही वर्षं होती.

"साहेबाला म्या सांगितलं, गुडघ्याला एसी लागतो," त्या म्हणाल्या. "साहेब म्हनले, आधी माउस लागतो."

अक्का मूळच्या अक्कलकोट तालुक्यातल्या, अगदी सीमेलगतच्या गावच्या. शाळा कन्नड, सातवीपर्यंत. कल्लप्पा बिराजदारांशी लग्न होऊन सोलापुरात आल्या तेव्हा मराठीत त्यांना फक्त 'किती' आणि 'नको' येत होतं, आणि बाजारात तेवढं पुरत होतं असं त्यांचं म्हणणं. कल्लप्पांची गिरणी बंद पडल्यावर त्या या कारखान्यात घड्या घालायला लागल्या. कॉम्प्युटर रूममध्ये त्या आल्या कागदाची खोकी वाहायला. तेव्हाचा ऑपरेटर एकदा मलेरियानं घरी गेला आणि जाताना जवळ दिसलेल्या या बाईला सांगून गेला, काही विचारलं तर जी दाबा. तो परत आलाच नाही, त्याला मुंबईत नोकरी लागली. अक्का जी दाबत राहिल्या.

"वरीसभर म्या सगळ्यालाच जी म्हनले," त्या हसून सांगायच्या. "एकदा त्यानं इचारलं, स्टिकर चढवले का. म्या म्हनलं, जा बाबा. प्रिंटरमधी साधा कागद बी न्हवता, जर्मनीचे स्टिकर व्हते. हजेरीपत्रक सगळं जर्मनीच्या स्टिकरवर छापलं गेलं की. पंधरवडाभर आमच्या हजेरीवर 'मेड इन इंडिया' आन धुवायची चित्रं. तवा कळलं, बाकीची तीन अक्षरं बी कायतरी कामाची असणार."

अशी ही बाई. तिच्यासाठी मी पुस्तिका लिहायला बसले आणि पहिलं वाक्य लिहिलं: 'संदेश म्हणजे यंत्राच्या अंतरंगातून उमटलेली साद होय.'

ते वाक्य मला इतकं आवडलं की त्या दिवशी मी पुढं काही लिहिलं नाही.

महिनाभरात पुस्तिका जाडजूड झाली. तीत 'प्रतीक्षारत मुद्रणे' होती, 'उजव्या कळीचा स्पर्श' होता, आणि खिडक्या एकीवर एक उघडत जातात त्यासाठी एक उपमा होती, तिचा मला आता उल्लेखही करवत नाही. काळ्या पेटीत छपाई करणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव रायटर असं होतं. पडद्यावर दिसायचं, रायटर थांबला आहे, उत्तराची वाट पाहत आहे. मी दोन परिच्छेद त्यावरच घालवले.

पहिली प्रत अक्कांना दिली. त्यांनी चष्मा लावला, ओळीखाली बोट धरलं आणि कन्नड शाळेतल्या ठसक्यात मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला थांबल्या.

"तंगी," त्या म्हणाल्या. कन्नडमध्ये धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. त्या मला पहिल्या आठवड्यापासून तसंच म्हणत. "तू हे लिवलंस तवा तुला ताप व्हता का?"

"नाही अक्का."

"मग साद कुनाची?"

"पेटीची."

"पेटी साद घालत न्हाय. पेटी भुंकते."

त्यांनी पुस्तिका बंद करून जपून टेबलाच्या कडेला ठेवली. तिच्यावर चहाचा कप ठेवला.

पुस्तिका फसली तरी शिकवणी सुरुवातीपासून चालूच होती. रोज जेवणानंतर मी अक्कांच्या मागं उभी राहायचे आणि त्या माउस धरायच्या. धरायच्या म्हणजे इस्त्री धरतात तसा. त्यांच्या टेबलावर मोठी काच होती, काचेखाली मुलांचे फोटो, नातवाचं बारसं, कल्लप्पांचा एक जुना फोटो, एका दिनदर्शिकेचं पान. त्या काचेवर माउस ठेवून त्या हलवायच्या आणि पडद्यावरचा बाण एकदम उडी मारून कोपऱ्यात जायचा, किंवा जागचा हलायचाच नाही.

"बघ, माझा हात बघून पळतो," त्या म्हणायच्या.

"हळू अक्का. आणखी हळू."

"ह्याहून हळू म्हंजे मेल्यावर."

मी स्वतः त्या माउसला हात लावला नाही. शिकणाऱ्याच्या हातातलं काम शिकवणाऱ्यानं घेऊ नये, असं मी कुठंतरी वाचलं होतं. माझ्या लॅपटॉपवर तो प्रोग्रॅम नव्हताच, त्यामुळं मी जे शिकवत होते ते मीही कधी केलेलं नव्हतं. छपाईबद्दल मला जे काही माहीत होतं ते सगळं मीच लिहिलेलं होतं.

त्यातच अक्कांचं एक मत होतं. "पेटी मला शब्दात इचारते, म्या शब्दात सांगते. ह्यो चित्रं दावतो. चित्राला काय उत्तर द्यायचं? मुक्याचा कारभार." आणि शिकवणी संपली की त्या खुर्ची जुन्या पडद्याकडं वळवून हिरव्या अक्षरांना शिव्या घालायला मोकळ्या व्हायच्या. दसरा जवळ येत होता. त्या घाबरल्या होत्या हे मला त्यांच्या शिव्यांवरून कळायचं. त्या हल्ली मवाळ झाल्या होत्या.

खंडेनवमीच्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा असते. सकाळी माग धुवून पुसून, झेंडूच्या माळा घालून, हळदीकुंकू लावून, नारळ फोडून दुपारी बंद करतात. एकदा पूजलं की दसरा उजाडेपर्यंत त्या हत्याराला हात लावायचा नाही, हा नियम. मालकापासून झाडणाऱ्यापर्यंत सगळे पाळतात. आमच्या घरी हत्यारांची पूजा करत नाहीत. दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो. त्यामुळं काय केलं की पूजा होते आणि काय केलं तर होत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. सगळा घोळ इथूनच झाला.

अक्कांनी सकाळी काळ्या पेटीला माळ घातली. जुन्या पडद्याला कुंकवाचं बोट लावलं, त्याच्या कीबोर्डवर विड्याचं पान, सुपारी आणि नारळ ठेवला. प्रिंटरमधला कागद काढून त्यालाही फुलं वाहिली. मग निरांजन ओवाळलं आणि हात जोडून कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटल्या. शेजारच्या नव्या कॉम्प्युटरला मात्र त्यांनी एक पाकळीसुद्धा वाहिली नाही.

"ह्याला नाही?" मी विचारलं.

"ते हत्यार न्हाय. ते चित्राचं खोकं."

ताट माझ्या हातात देऊन त्या मागवाल्यांच्या पूजेला खाली गेल्या. मी एकटी राहिले. माळा घातलेल्या पेटीशेजारी तो बिनफुलांचा कॉम्प्युटर मला फार एकाकी वाटला. माझं शिक्षण असल्या वेळी उफाळून येतं. मी कुंकवाचं बोट त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यावर लावलं. मग माउसची दया आली. तो उलटा केला तर पोटाला एक लाल दिवा लुकलुकत होता. कुंकू लावायची जागा जणू त्यानं स्वतःच दाखवली. कोरडं कुंकू चिकटेना, म्हणून पाण्यात कालवून नीट, ठसठशीत लावलं.

अक्का वर आल्या, तेवढ्यात फोन वाजला. गेटवरून रावसाहेब.

"अक्का, कंटेनर निघतोय. शेवटच्या खोक्यांची वजनं बदलली, त्यामुळं पॅकिंग लिस्ट नव्यानं काढायला लागली. पेटीत पाठवलीय. छापून द्या की लगेच, ड्रायव्हर खोळंबलाय. बंदरावर बोट वाट बघणार नाही."

"साहेब, पूजा झाली."

रावसाहेब स्वतः खाली नारळ फोडून आले होते. त्यांना पूजलेला कीबोर्ड उचला म्हणून सांगता येत नव्हतं, आणि कंटेनर उद्यावरही ढकलता येत नव्हता.

"तो नवा कॉम्प्युटर आहे ना? त्याची पूजा केली?"

"न्हाय केली," अक्का म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून मला माझं कुंकवाचं बोट कुठंतरी लपवावंसं वाटलं.

"मग त्याच्यावरनं काढा. तुमचा प्रिंटर पूजेत असंल तर गेटच्या प्रिंटरवर पाठवा. मायाप्पा, तुझ्या प्रिंटरला कुंकू लावलंस का रे?" मागून वॉचमन मायाप्पांचा आवाज आला, "न्हाय साहेब. आमी काठीची पूजा केली." रावसाहेब परत फोनवर आले. "गेटचा मोकळा आहे. तुम्हाला जमत नसंल तर शिवशरण मॅडमना बसवा, त्यांनी पुस्तक लिहिलंय."

अक्कांनी फोन ठेवला. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठल्या. गुडघा कटकन वाजला.

"बस तंगी," त्या म्हणाल्या. "तूच कर. तसं बी परवापासनं कुनीतरी दुसरंच बसनार हाय."

मी बसले नाही. यात मोठेपणा असावा असं मला नंतर बरेच दिवस वाटत राहिलं. पण आधी सांगितलंच आहे, मी तो माउस कधी हलवलेला नव्हता. आणि त्याहून तातडीची अडचण दुसरीच होती.

"अक्का," मी म्हणाले, "मी त्याची पूजा केली."

"कशाची?"

"ह्याची. आणि माउसची."

अक्कांनी पडद्याच्या कोपऱ्यातलं कुंकू पाहिलं. मग माउस उचलून उलटा केला. लाल दिवा दिसत नव्हता. तिथं लाल चिखल होता.

"यव्वा!" त्या म्हणाल्या. मग खाली बसल्या आणि न्यायाधीशासारखी चौकशी सुरू केली. "नारळ फोडलास?"

"नाही."

"पान ठेवलंस?"

"नाही."

"ओवाळलंस?"

"नाही अक्का. नुसतं कुंकू."

"मनात काय म्हनलीस?"

"एकटा पडलाय बिचारा, असं."

अक्कांनी थोडा विचार केला. "मग ती पूजा न्हाय. तो मेकप हाय," असा निकाल दिला आणि पदराचं टोक जिभेवर ओलं करून माउसचं पोट पुसायला लागल्या. कडेचं कुंकू केसातल्या आकड्यानं कोरून काढलं. लाल दिवा पुन्हा लुकलुकला.

काचेवर पूजेच्या ताटातलं पाणी, हळद आणि माझ्या कालवलेल्या कुंकवाचे ओघळ पसरले होते. तिथं माउस ठेवायची सोय नव्हती. मी इकडं तिकडं पाहिलं आणि हाताशी आलं ते खाली सरकवलं. माझी पुस्तिका. मुखपृष्ठावर चहाच्या कपाचा गोल डाग होता, म्हणून ते उलटून पहिलं पान उघडून ठेवली.

अक्कांनी माउस कागदावर ठेवून हलवला. बाण चालला. उडी नाही, पळापळ नाही. अक्का डावीकडं गेल्या, तो डावीकडं गेला. त्या थांबल्या, तो थांबला.

आम्ही दोघींनी एकदमच टेबलाच्या काचेकडं पाहिलं. काचेवर त्या माउसचा दिवा नीट चालत नाही, हे इंग्रजी मदतीच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. ते वाक्य मला फार रुक्ष वाटलं होतं, म्हणून मी गाळलं होतं.

"दोन महिनं," अक्का म्हणाल्या. "दोन महिनं मला वाटलं, माझाच हात मेला."

मी काही बोलले नाही. माझा विषय मौन हा होता.

फोन पुन्हा वाजायला लागला. अक्कांनी तो वाजू दिला. समोरच्या खिडकीत आमच्या प्रिंटरपुढं थांबलेल्या प्रिंटची यादी होती. सगळ्यात खाली पॅकिंग लिस्ट. "ती निवडा आणि दाबून धरून गेटच्या चित्रावर न्या," मी म्हणाले. अक्कांनी निवडलं, दाबून धरलं, ओढलं, सोडलं. यादी रिकामी झाली.

"गेली?"

"गेली अक्का." मग मी नीट पाहिलं. "सगळीच गेली."

त्यांनी एक नव्हे, अख्खी यादी उचलून गेटवर टाकली होती. मागाचे अहवाल, सुताचा साठा, कँटीनचा गोषवारा, थांबवून ठेवलेलं सगळं. आता गेटचा तो इवला प्रिंटर संध्याकाळपर्यंत कागद ओकत बसणार आणि पॅकिंग लिस्ट सगळ्यात शेवटी. मी हात पुढं केला, कुठं दाबायचं ते न कळून मागं घेतला. आणि तेवढ्यात खिडकीत आणखी एक छोटी खिडकी उघडली. तिच्यात एक ओळ होती, इंग्रजीत, आणि ओळीखाली एक रिकामा चौकोन.

अक्का पुढं वाकल्या. ओठ हलवत वाचलं. मग त्यांचा आवाज एकदम चढला.

"अगं, ह्यो तर त्योच की! कागद चढवला का म्हनून इचारतोय. त्योच मुडदा. हितं बी आला!"

तोच होता. हिरवी अक्षरं जाऊन काळी आली होती, भोवती चौकट आली होती, पण ओळ तीच, शेवटची चार अक्षरंसुद्धा तीच. मागं माळ घातलेली काळी पेटी बसलेलीच होती. खिडक्या नुसत्या तिच्यापुढं लावल्या होत्या. हे मी पुस्तिकेत कुठंच लिहिलं नव्हतं, कारण ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. अक्कांच्याही नाही. दोन महिने आम्ही त्या प्रोग्रॅममध्ये माउस हलवण्याच्या पुढं गेलोच नव्हतो.

प्रत्येक प्रिंटचा कागद वेगळा. त्यामुळं गेटचा प्रिंटर एकही पान छापायच्या आधी प्रत्येकीसाठी विचारणार होता. अक्कांनी पदर खोचून नव्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड पुढं ओढला.

"सुताचा साठा. एच. थांब जरा. मागाचा अहवाल. एच. थांब. तू बी थांब. आन तू कशाला आलास? एच."

बोटं चालायला लागली तशा शिव्याही परत आल्या, जुन्या ताकदीच्या. मी मागं उभी राहून नुसती ऐकत होते. शेवटी पॅकिंग लिस्टची ओळ आली. अक्कांनी मान तिरपी करून ती दोनदा वाचली.

"जा बाबा," त्या म्हणाल्या आणि जी दाबला.

काही वेळानं फोन. या वेळी अक्कांनी उचलला. रावसाहेब म्हणाले, "आली. ड्रायव्हरला दिली. पण अक्का, त्याच्या आधी एक कँटीनचा गोषवारा आलाय. आपल्याकडं महिन्याला किती चहा होतो, हे परदेशातल्या लोकांना कळवायचंय का?"

शिव्यांच्या भरात एकाला जी गेला होता.

कंटेनर गेल्यावर रावसाहेब वर आले. कपाळाला गुलाल, हातात तो गोषवारा. त्यांनी माळ घातलेली पेटी पाहिली, जुन्या पडद्याचा अस्पर्शित कीबोर्ड पाहिला, माउसवरचा अक्कांचा हात पाहिला.

"जमतंय की तुम्हाला," ते म्हणाले.

मी मनात म्हणत होते, गप्प बसा अक्का, आता काही बोलू नका. पण मौन हा माझा विषय होता, त्यांचा नव्हता.

"एक उचलायची व्हती साहेब, सगळीच उचलली गेली. चुकून."

रावसाहेबांनी डोकं खाजवलं. "मग परवा एक उचलून दाखवा. मुद्दाम. मी गेटवर उभा राहतो. एकच आली, तर बसा हितंच."

दसऱ्याला मी पांढरी साडी नेसून आईबरोबर विहारात गेले. अक्कांनी तो दिवस ताट पालथं घालून त्यावर साबणाची वडी फिरवण्यात घालवला. हे त्यांनीच मला सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी, माझ्या हातात आपट्याची पानं ठेवता ठेवता. "आमचे मालक म्हनले, दानेश्वरी, सणाचं काय चाललंय हे? म्या म्हनलं, अब्यास. तर म्हनले, आंगोळ करून तरी अब्यास कर, वडी वाया चाललीय."

रावसाहेब गेटवर जाऊन उभे राहिले. अक्का खुर्चीत बसल्या. कीबोर्डवरचं पान सुकलं होतं आणि आज जुन्या पडद्याला हात लावायला काही आडकाठी नव्हती. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. माउस पुस्तिकेवर ठेवला. यादीतली एक ओळ निवडली. निवडलेली एकच आहे ना, हे पडद्याला बोट लावून तपासलं. उचलली. नेली. सोडली. छोटी खिडकी उघडली, प्रश्न आला.

"चढवला बाबा, चढवला," अक्का म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता. जी.

फोन वाजेपर्यंत आम्ही दोघी एकमेकींकडं न बघता बसून होतो.

"अक्का, मायाप्पा बोलतोय. एक आला बगा कागद. साहेब घिऊन गेले." मग थोडं थांबून, "आनि किती येनार हायत? परवाच्यापासनं कागद चढवून उबा हाय म्या."

"आनि न्हाय," अक्का म्हणाल्या. "एकच व्हता. जा, च्या पी."

फोन ठेवून त्यांनी खुर्ची थोडी पुढं ओढली आणि गुडघे एसीच्या झोताखाली नेले.

दुपारी जुना पडदा निघाला. माझी मुदत दिवाळीच्या आधी संपली. पुस्तिकेच्या बाकीच्या प्रतींचं पुढं काय झालं मला माहीत नाही, पण पहिली प्रत वापरात आहे हे मी स्वतः पाहिलंय. मागच्या महिन्यात अक्कांना भेटायला गेले तेव्हा ती माउसखालीच होती. 'साद' या शब्दाच्या आसपास कागद घासून घासून काळा आणि गुळगुळीत झालाय. अक्का म्हणाल्या, तिथं बाण सगळ्यात चांगला चालतो.